उखळावरची गोजरा

“गोजरा? आमच्या वाडीत शेळीचंसुदिक नाव गोजरा न्हाई, बाई,” ठमाबाई म्हणाली आणि सुपातल्या वरईवर तिनं फुंकर मारली. कोंडा उडाला तो थेट माझ्या पांढऱ्या साडीवर. “आन् आसती, तरी तुमाला कशाला पाहिजे ती?”

“काम आहे.”

“सरकारी?”

“तसंच काहीतरी.”

“मंग तर न्हाईच.”

अंगणातल्या बाया हसल्या. मीही हसले. ठमाबाईची सून पार्वती मात्र हसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून ती उभी होती. सातवा सरत आलेला, अडीच वर्षांची पोर पदराला लोंबकळत होती आणि ती टक लावून माझ्या पिशवीकडे बघत होती. मला वाटलं, सुईला घाबरत असेल. तेव्हा मला सगळ्यांबद्दल चटकन काहीतरी वाटायचं आणि मी ते खरं धरून चालायचे.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी सावरघरच्या उपकेंद्रात नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एकीत दवाखाना, दुसरीत मी. माझ्या हाताखाली बारा वाड्या, सगळ्या डोंगराच्या अंगाखांद्यावर, मूठभर दाणे फेकावेत तशा पसरलेल्या. उंबरदरा त्यातली सगळ्यात वरची. दोन तासांची चढण. दर मंगळवारी मी तिथं जायचे.

पिशवीत लसीची पेटी, लोहाच्या गोळ्या, रजिस्टर, आणि त्या वर्षी दिवाळीपासून एक पत्र होतं. डोंगरापलीकडच्या तालुक्यातून शेवंता नावाच्या नर्सनं ते लिहिलं होतं. आमची ओळख नव्हती. कधी भेट नाही.

‘ताई, ओळख नसताना लिहिते, राग मानू नका. आमच्याकडची मुलगी गोजरा धोंडू भवारी. अडीच वर्षांपूर्वी इथं माहेरी पहिलटकरीण म्हणून बाळंत झाली. मूल झालं पण वार पडली नाही. रक्त इतकं गेलं की डोलीत घालून तालुक्याला नेली, तीन बाटल्या चढवल्या तेव्हा वाचली. डॉक्टरांनी लिहून दिलंय, पुढचं बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, रक्त आधी तयार ठेवावं. रक्तगट मागच्या बाजूला लिहिला आहे. परवा तिची आई चोरून माझ्याकडे आली. लेकीला पुन्हा दिवस गेलेत म्हणाली, पौषात भरतील. सासर घाटाच्या तुमच्या बाजूला, एवढंच सांगितलं. गावाचं नाव सांगेना. सांगितलं तर स्वतःचाच मुलगा घरात घेणार नाही म्हणून रडली. तुम्ही शोधाल का?’

घड्या फाटेपर्यंत मी ते पत्र वाचलं होतं. या बारा वाड्यांतल्या कुठल्या तरी घरात एक बाई दिवस मोजत होती. पौषात तिला कळा येतील, सुईणीला बोलावणं जाईल, मूल रडेल, सगळे हुश्श म्हणतील. आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात ती जाईल. डोंगरावरून खाली यायलाच दोन तास लागायचे.

मी रजिस्टर चाळलं. गरोदर बाया एकोणीस. त्यांत गोजरा नाही. रेशनकार्डं पाहिली. पोलीसपाटलाला विचारलं. दुकानात, गिरणीत, पाणवठ्यावर विचारलं. सुईण भागाआजीला विचारलं, तर ती म्हणाली, “बाळंतीण मला नावानं ठावं नसती गं. पोटावरनं ठावं आसती.”

पौषात भरणाऱ्या, दुसऱ्या खेपेच्या चौघी होत्या. चौघींचीही माहेरं डोंगरापलीकडचीच. चौघींना मी पहिल्या वेळेचं विचारलं. चौघींनीही एकच उत्तर दिलं, जणू ठरवून.

“सोपं झालं.”

पार्वतीनंही तेच सांगितलं. फक्त सांगण्याआधी तिनं सासूकडे पाहिलं.

“कुठं झालं?” मी विचारलं होतं.

“म्हायरी.”

“लवकर आलीस परत?”

उत्तर ठमाबाईनं दिलं. “कुठलं लवकर! तीन म्हैने बसली थितं. थंडीताप आला म्हनं. आली ती हळदीवानी पिवळी. मी म्हनलं, सून धाडली का सुनंची सावली धाडली?”

“ताप व्हता,” पार्वती खाली बघत म्हणाली.

मी तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरं फटक. पण त्या डोंगरावर कुणाची पापणी लाल होती! मी दोन गोळ्यांच्या जागी तीन लिहिल्या, रजिस्टर मिटलं आणि गोजराला शोधायला पुढच्या वाडीला निघाले.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर माणूस बरे होते. माझं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“काळोखेबाई, तुमच्या भागात नसेल ती. घाटाच्या या बाजूला काय तुमच्याच बारा वाड्या आहेत का?”

“नसेलही, साहेब. पण असली तर?”

“मग चौघींनाही तालुक्याला न्या.”

“घरचे पाठवत नाहीत. मी विचारलं. म्हणतात, पहिलं सोपं झालं, तर दुसऱ्याला दवाखाना कशाला?”

“बघा, त्यांचंही चूक नाही.” त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. “यावर लिहा, शोध घेतला, सापडली नाही. आणि फायलीला लावा.”

मी पत्र पिशवीत घातलं. फायलीला लावलं नाही. मला नुसती काळजी नव्हती, खरं सांगायचं तर एक खाज होती. माणूस आहे, त्याचं वय माहीत आहे, बापाचं नाव माहीत आहे, अंगात कुठल्या गटाचं रक्त वाहतंय तेसुद्धा माहीत आहे, आणि तरी ते माणूस बारा वाड्यांत कुठंच नाही, हे होतं कसं? चालता चालता मी झाडांना विचारायचे. खरंच विचारायचे, मोठ्यानं. माझी बडबड घाटात प्रसिद्ध होती. पोरं लांबूनच ओळखायची, “नर्सबाई आली!” मीही लांबूनच हाका सुरू करायचे, ए बाळ्या, नाक पूस, ए चांगुणा, डोस चुकला तुझा, आणि अशी बोलत बोलतच वाडीत शिरायचे.

मार्गशीर्षाच्या शेवटच्या मंगळवारी माझा घसा बसला.

बसला म्हणजे पार बसला. गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं. शब्द फुटेना. जाऊ की नको करत अखेर निघाले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती चढण गप्प राहून चढले. किती आवाज असतात डोंगराला! वाळक्या गवताची सळसळ, दूर कुठंतरी कुऱ्हाडीचा ठोका, मग अर्ध्या श्वासानंतर त्याचा पडसाद. पाच वर्षं मी त्या वाटेनं जात होते आणि हे मला नवं होतं.

उंबरदऱ्याच्या अलीकडे एक हिरड्याचं झाड आहे. तिथं दम घ्यायला थांबले, तेव्हा मुसळाचा आवाज आला. धप्प. धप्प. कुणीतरी भात कांडत होतं. आणि ठोक्यांच्या मधल्या फटीतून गाणं येत होतं.

*डोंगराच्या पल्याड । ऱ्हायलं माझं नाव*
*गोजरा कुनी म्हनंना । परका समदा गाव*

मी हिरड्याच्या बुंध्याला धरलं.

*पहिल्या गं लेकराला । न्हाणीत आला पूर*
*आईच्या डोळ्याम्होरं । गोजरा गेली दूर*

मुसळ थांबलं. कांकणं मागं सारल्याचा आवाज आला. पुन्हा ठोका पडला.

*बंधवाची माझ्या आण । बोलू कशी मी बाई*
*उखळाच्या कानी सांगं । त्याला गं जीभ न्हाई*

झाडाआडून मी पाहिलं. भर उन्हात, अंगणातल्या उखळापाशी, पार्वती. नवव्याचं पोट सांभाळत मुसळ उचलत होती. आणि नजर? नजर उखळात नव्हती. ती सरळ वाटेवर होती. माझ्या वाटेवर.

दहा पावलांवर ठमाबाई तांदूळ निवडत बसली होती. मी पुढं झाले तशी तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

“पाण्याला जाऊन येती,” म्हणाली. घागर कमरेवर घेतली, नातीला बोटाला धरलं आणि चालू लागली.

मी उखळाजवळ गेले. घशातून आवाज निघत नव्हता. नुसती हवा निघाली.

“गोजरा.”

मुसळ वरच राहिलं.

“कुनाला म्हनता?”

“तुला.”

तिनं मुसळ खाली घेतलं, भिंतीला टेकवलं. पदरानं तोंड पुसलं. मग लहान मुलीसारखी म्हणाली, “आनि येकदा म्हना.”

मी म्हटलं. अडीच वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव महादू, म्हणून लग्नात तिचं नाव पार्वती ठेवलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, साखर वाटली आणि गोजरा डोंगरापलीकडं राहिली. महादूलाही ते नाव एकदाच कानावर पडलं असेल, मांडवाच्या गोंगाटात. गाव तर पार्वतीलाच ओळखत होता.

“मी तुला तोंडावर विचारलं होतं ना गं? गोजरा नावाची कुणी आहे का म्हणून?”

“दादानं आन घातली हाय. आईच्या डोक्यावर हात ठिवाया लावला. म्हनला, सासरी कळलं की पोरीच्या कुशीत खोट हाय, तर दुसरी करून आनतील. कुनापाशी बोलायचं न्हाई.” तिच्या डोळ्यांत एक बारीकशी चमक आली. “गायाचं न्हाई, आसं न्हाई म्हनला.”

“म्हणून गायलीस?”

“तुमी पैल्यांदा इचारलं तवापासनं गाती. तुमी मंगळवारी येता. म्या मंगळवारीच कांडाय बसती. पाच मंगळवार झालं. घरातलं भातसुदिक संपत आलं.”

“मग मला ऐकू कसं नाही आलं?”

ती संकोचली. “राग येईल तुमाला.”

“नाही येत. बोल.”

“तुमी लई बोलता, बाई. हिरड्यापासनं हाका मारत येता. तुमचा आवाज आला की माझं गानं बुडतं. आन् म्होरं आलात की रजिस्टर उघडता.”

मी उखळाच्या कडेवर बसले. उखळावर बसू नये म्हणतात, तरी बसले.

आता ते सांगते, जे इतकी वर्षं कुणाला पुरतं सांगितलं नाही. एका बाईला दोन नावं असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मलाही दोन होती. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. त्यांचं नाव चंद्रकांत, म्हणून माझं इंदुमती. त्यांनी तांदळात लिहिलं तेव्हा हात इतका थरथरत होता की इंदुमतीतला ‘ती’ ताटाबाहेर सांडला. अकरा महिने ते मला त्या नावानं हाक मारत होते, आणि अगदी हळू, कारण घरात मोठी माणसं. बाराव्या महिन्यात बांधावर त्यांना पान लागलं, साप चावला. दवाखाना चौदा मैलांवर. बैलगाडी निम्म्या वाटेवरून परत आली. बापानं मला घरी आणलं, शाळेच्या दाखल्यावरचं नाव लावून नर्सिंगला घातलं. वेणू काळोखे. तेच नाव मस्टरवर, तेच पगारपत्रकावर. दुसरं मी इतकं खोल पुरलं होतं की एखादीचं नाव माहेरी ठेवलेलं असू शकतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. बारा वाड्या धुंडाळल्या, आणि एकीलाही विचारलं नाही की बाई, तुझं माहेरचं नाव काय?

वाटेवर नातीचे पैंजण वाजले. ठमाबाई परत येत होती. पाणवठा जाऊन-येऊन पाऊण तासाचा. ती पाव तासात आली. घागर कोरडी होती.

“काय म्हनती तबेत?” तिनं विचारलं.

मी उठून उभी राहिले. काय सांगावं? खरं सांगितलं तर आण मोडायची, नाही सांगितलं तर पौष उजाडायचा.

“ठमाबाई, हिला बाळंतपणाला तालुक्याला न्यावं लागेल,” मी कुजबुजले. “का, ते…”

तिनं हात वर केला. “थांबा. का त्ये मला सांगू नगा.”

“म्हणजे?”

“मला सांगितलं तर मला इचारावं लागंल. इचारलं तर हिच्या भावाला बोलवावं लागंल. त्यो आला की चार मान्सं बसतील. आन् मान्सं बसली म्हंजी कुठलं बोलनं कुठं जाईल, कुनी सांगावं? त्यापरीस मला काय ठावंच न्हाई.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “तुम्ही ऐकलंत. सगळं ऐकलंत तुम्ही.”

“काय ऐकलं?” ठमाबाईनं घागर खाली ठेवली. “उखळावर बाई काय म्हनंल, त्ये उखळातच ऱ्हातं. सासूनं ऐकलं तरी उंबऱ्याच्या आत आनायचं नसतं. आनलं तर उद्याच्याला कोन गाईल? माझ्या सासूनं माझं कवा आनलं न्हाई. तिला तर म्या गान्यात काय काय म्हनली आसंल! मंग म्या हिचं आनीन व्हय?”

पार्वती उखळात बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

“पण मी गोजरा म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही शेळीचं नाव काढलंत.”

“मंग काय करू? तुमी भर अंगनात, चार बायांच्या म्होरं इचारलं. म्या काय गान्यातलं नाव हातात काढून दिऊ?” मग आवाज उतरवून म्हणाली, “पाच मंगळवार मी हितं बसून वाट बघती. म्हनलं, ही नर्सबाई येवढी शिकलेली, कवा तरी गप बसंल.”

मला हसू आलं आणि खोकला आला, आणि खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून बरं झालं.

“महादूला काय सांगायचं?” मी विचारलं.

“मूल आडवं हाय म्हनून सांगा.”

“आडवं नाही.”

“त्यो काय हात घालून बघनार हाय?”

“खोटं नाही सांगणार मी. रक्त कमी आहे, ते खरं आहे.”

ठमाबाईनं विचार केला. “त्ये सांगा. रगत कमी म्हनलं की मान्सं भेत्यात.”

महादू भ्यालाच. त्याच आठवड्यात त्यानं बायकोला खाली आणली. दर चार पावलांवर तिला बसवत, दोन तासांची वाट पाच तासांत. दिवस भरेपर्यंत ती वर राहिली असती, तर कळा सुरू झाल्यावर काही उपयोग नव्हता. म्हणून तिला मी माझ्या खोलीत ठेवून घेतलं. पंधरा दिवस. सोबत ठमाबाई. माझ्या स्टोव्हला तिनं नावं ठेवली, माझ्या भाकरीला ठेवली, एकटी राहते म्हणून मलाही ठेवली आणि तिसऱ्या दिवशी माझं डोकं मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं. मी शेवंताला पत्र टाकलं, ‘सापडली.’ डॉक्टरांना गटाचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि स्वतः तालुक्याला जाऊन रक्ताची व्यवस्था केली. जीपही दिली.

पौषातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, मुलगी झाली. चांगली रडली. आणि मग आम्ही थांबलो. मी, डॉक्टरीणबाई, तिथली सिस्टर. दहा मिनिटं. वीस. वार सुटेना.

मग पूर आला.

मी बाळंतपणं पुष्कळ पाहिली होती, पण आधी ठाऊक असलेला पूर पाहिला नव्हता. बाटली लटकवलेलीच होती. डॉक्टरीणबाईंचे हात चालू होते. दुसरी बाटली लावली. गोजराचे ओठ तांदळाच्या पिठासारखे झाले. सिस्टर तिच्या गालावर थापट्या मारत होती, “पार्वती! ए पार्वती! डोळे उघड!” डोळे उघडेनात. मी तोंड उघडलं आणि माझ्या घशातून पुन्हा काही निघेना. या वेळी घसा बरा होता.

दाराबाहेर ठमाबाई होती. दाराच्या फळीवर दोन्ही हातांचे दणके बसले, आणि साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी हाक आली.

“गोजरेऽऽ! ए गोजरे! कुठं निगालीस? माघारी फिर! पोर रडतीया तुजी!”

पापण्या हलल्या. आधी थोड्या, मग पुऱ्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

त्या हाकेनं ती वाचली असं मी म्हणणार नाही. रक्तानं वाचली. तयार ठेवलेल्या तीन बाटल्यांनी, आणि डॉक्टरीणबाईंच्या हातांनी. पण त्या वेळी ती कुठल्या नावाला वळली, ते मी पाहिलं.

संध्याकाळी कारकून केसपेपर घेऊन आला. “पेशंटचं नाव?”

ठमाबाई म्हणाली, “पार्वती महादू.”

मी म्हटलं, “माहेरचंही लिहा. गोजरा धोंडू.”

“दोन नावं लिहायला जागा नाही, बाई.”

“मग करा जागा.”

त्यानं समासात लिहिलं. ठमाबाईकडे वळून मी हळूच म्हटलं, “सकाळी तुम्ही उंबऱ्याच्या आत आणलंत की.”

“म्या? काय आनलं?” ठमाबाई नातीचं दुपटं सारखं करत म्हणाली. “म्या कवा कुनाला हाक मारली? दवाखान्यात लई गलबला व्हता. तुमाला भास झाला आसंल.”

पुढच्या सोमवारी मी रजिस्टरात लाल पेन्सिलीनं एक रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘माहेरचं नाव’. कुणाच्या हुकमानं आखला म्हणून विचारणा झाली. हुकूम नव्हता. आखलेला रकाना मात्र राहिला. बाळंतिणीचा कागद मी बाळंतिणीच्याच हाती देऊ लागले, दोन्ही नावं घालून, म्हणजे ती डोंगर ओलांडून जाईल तिथं तो तिच्याबरोबर जाईल. माझ्या खोलीत एक खाट वाढली. वरच्या वाड्यांतल्या बाया दिवस भरायच्या आधी पंधरवडाभर येऊन राहू लागल्या. तिसऱ्या वर्षी शेवंता घाट ओलांडून मला भेटायला आली आणि माझा रकाना बघून म्हणाली, “आमच्याकडे आखते मी.” आम्ही दोघी खूप हसलो. ते सगळं पुढचं.

मला सांगायचाय तो फाल्गुनातला मंगळवार. तालुक्याहून निघताना गोजरानं मला विचारलं होतं, “बाई, तुमचं?”

“काय माझं?”

“दुसरं नाव. सासरचं.”

जीप सुरू झाली होती. महादू पुढं बसला होता. ठमाबाई बाळाला पदराखाली घेऊन डोळे मिटून बसली होती. मी गोजराच्या कानाशी वाकले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ते सांगितलं. तिनं मान हलवली.

फाल्गुनात मी उंबरदऱ्याला निघाले तेव्हा माझा घसा ठणठणीत होता. तरी गप्पच चढले. आता मला ती सवय लागली होती. हिरड्याखाली थांबले. वरून मुसळाचा ठोका आला. धप्प. धप्प.

*डोंगर चढून येई । पांढऱ्या साडीची बाई*
*इंदुमती तिचं नाव । कुनाला ठावं न्हाई*

अंगणात पोचले तेव्हा ठमाबाई धाकट्या नातीला पायांवर घेऊन तेल लावत होती. उखळापाशी गोजरा खाली मान घालून कांडत होती.

मी ठमाबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तेलाच्या वाटीत बोट बुडवलं.

“मला काय आलीकडं ऐकू येत न्हाई, बाई,” ती म्हणाली. “वय झालं.”